दोन फुटी तळे

गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती, आणि क्रांती चौकात माणसांचा, मोटारींचा आणि रिक्षांचा असा काही पूर लोटला होता की, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने रस्ता ओलांडण्याचा विचार सोडून देऊन कडेला उभे राहावे आणि गंमत पाहावी. माझ्या एका हातात आठ वर्षांच्या नातीचे बोट होते. दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि त्या पिशवीत सहा सोनेरी मासे होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी दुकानदाराचा पोऱ्या सकाळीच घरी पोहोचवून गेला होता.

"आजोबा, पिशवी जरा वर धरा ना," नात म्हणाली.

"का ग?"

"त्यांना महाराजांचा पुतळा दिसू दे. घरी गेल्यावर पुन्हा कुठे दिसणार?"

मी पिशवी वर धरली. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर त्या सहा जीवांनी काय पाहिले असेल ते तेच जाणोत. पण आम्ही दोघे मोठ्या आनंदात घरी आलो.

नशीब असे की, त्याच दिवशी नळाला पाणी आले होते. गेल्या दिवाळीत आमच्याकडे काही दिवसांच्या अंतराने पाणी येई, आणि ते ज्या दिवशी येई तो दिवस घरात सणाचाच असे. मी उत्साहाने नळाची रबरी नळी थेट पेटीत सोडली. तळाशी रंगीत खडे घातले, प्लॅस्टिकची दोन हिरवीगार झाडे रोवली, आणि मासे पाण्यात सोडून दिले. दुकानदाराने "आज न्या, आजच सोडा" असे सांगितलेच होते. पुढे चार दिवस घरात फराळ चालला होता. आपण खायचे आणि पाहुण्यांना पाहत ठेवायचे ही काही आपली रीत नव्हे. नातीने शेवेचा चुरा टाकला, मीही टाकला. मासे वर येऊन तोंडे उघडीत, आणि आम्हाला वाटे की, ते अजून मागताहेत.

नरकचतुर्दशीला पाणी किंचित दुधाळ दिसू लागले. पाडव्याला त्याला वास येऊ लागला. भाऊबीजेच्या पहाटे मी उठलो, तेव्हा सहाही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते.

नात उठायच्या आत मी ते परसात, पारिजातकाच्या बुंध्याशी पुरले आणि पेटी रिकामी करून पालथी घातली. ती डोळे चोळीत आली, तेव्हा मी तिला सांगितले, "त्यांना इथे करमेना. म्हणून मी त्यांना पाणचक्कीच्या हौदात सोडून आलो."

चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. पुराव्यावाचून विधान करू नये, असे मुलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितले. आणि घरच्या चार दिवसांच्या इतिहासात मी पहिलेच विधान असे धडधडीत खोटे केले!

* * *

खोट्याला पाय नसतात म्हणतात. पण नातीला होते. पुढच्याच रविवारी ती मला ओढीत पाणचक्कीला घेऊन गेली.

पाणचक्की आमच्या शहराचे जुने वैभव. १६१० साली मलिक अंबराने खडकी या लहानशा गावाला राजधानीची कळा आणली. खाम नदीच्या काठच्या या खडकाळ मुलखात मोठी वस्ती वसवायची, तर पाणी आधी हवे, हे त्या पुरुषाने ओळखले होते. डोंगरउताराचे जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरींनी गोळा करायचे, ते खापरी नळांतून शहरात आणायचे, आणि वाटेत उंच मनोरे बांधून त्याचा दाब व कोंडलेली हवा आवरायची, अशी त्याची योजना. तिच्याच धर्तीवर पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एका नहरीचे पाणी अठराव्या शतकात बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी आणून त्यावर पिठाची चक्की फिरवली, तीच ही पाणचक्की. चक्की फिरवून झाल्यावर पाणी पुढच्या लांबरुंद हौदात येते. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे; उन्हाळ्यात डोक्यावर पाण्याचे छत असल्यासारखा तिथे गारवा असतो.

त्या हौदात मी लहानपणापासून मासे पाहत आलो आहे. नात काठावर ओणवी झाली आणि शोधू लागली. काळपट पाठीचे मोठे मासे सावकाश फिरत होते. सोनेरी एकही नव्हता. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. मग ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही नक्की इथेच सोडले ना?"

मी सर्व काही खरे सांगितले. ती रडली नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला, आणि तो मला आजवर कोणत्याही परीक्षकाने विचारलेला नाही इतका अवघड होता. "मग या हौदातले का नाही मरत?"

मला उत्तर येत नव्हते. शोधून सांगतो, असे मी कबूल केले. वाचकहो, पुढे जे लिहितो आहे ते त्या कबुलीचे उत्तर आहे.

* * *

मासा पाळण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मनू हात धूत असता एक इवलासा मासा त्याच्या ओंजळीत आला. मनूने त्याला आधी मडक्यात ठेवले, मोठा झाल्यावर खड्ड्यात, आणि तिथेही मावेना तेव्हा समुद्रात. प्रलयाची कथा आपण सारे जाणतो. पण जीवाप्रमाणे भांडे हवे ही तिच्यातली साधी गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. दुकानातला बोटभर सोनेरी मासा पुढे वीतभर होतो. तसले सहा मी दोन फुटी पेटीत कोंबले होते.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे, आणि माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांना कोणते आमिष आवडते, हे सारे त्यात बारकाईने सांगितले आहे. मात्र राजाचा विनोद गळ टाकून मासा पकडण्याचा होता. त्याला जगवण्याचा नव्हता. चीनमध्ये सोनेरी मासे शतकानुशतके पाळले गेले, पण कुंडांत आणि चिनी मातीच्या भांड्यांत, वरून पाहण्यासाठी. बाजूने काचेतून पाण्यातला संसार पाहावा आणि तो आपल्या आपण चालावा, ही कल्पना पुढे युरोपात आली. तीही मासेवाल्यांना सुचली नाही. ती हवेचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती लागली.

१७७१ साली जोसेफ प्रीस्टली याने बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली आणि तिथे पुदिन्याची एक डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. १७७९ साली यान इंगेनहाउझ याने पाण्यात बुडवलेली पाने उन्हात धरली, तेव्हा त्यांतून बुडबुडे निघाले; अंधारात निघेनात. हिरवा भाग, पाणी आणि प्रकाश या तिघांची गाठ पडली की प्राणवायू तयार होतो, हे त्याने दाखवून दिले. माझ्या पेटीत हिरवी झाडे होती खरी, पण ती प्लॅस्टिकची!

पुढचा धागा लंडनमधल्या एका डॉक्टरच्या खिडकीत सापडतो. नॅथॅनियल वॉर्ड हा गरीब वस्तीत राही, आणि धुरामुळे त्याची नेच्याची झाडे जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचे काय व्हायचे ते झाले, पण त्या मातीत गवत आणि नेचा उगवला आणि बंद बाटलीत वाढत राहिला. यातून वॉर्डची काचपेटी निघाली. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि अशा पेट्या घरोघर दिसू लागल्या.

तेवढ्यात रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ येतो, आणि हाच आमच्या गोष्टीतला खरा नायक. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलनचे एक काचेचे भांडे घेतले. (बारा गॅलन म्हणजे जवळजवळ चोपन्न लिटर. मी आमच्या दोन फुटी पेटीचा हिशेब केला; ती काठोकाठ भरली तर जवळजवळ तेवढेच, सुमारे साडेछप्पन्न लिटर!) तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले. भांडे झऱ्याच्या पाण्याने निम्मेच भरले. त्यात वालिस्नेरिया नावाच्या पाणगवताचे एक रोप लावले आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. मासे श्वास घेतील, झाड ती हवा शुद्ध करील, असा त्याचा अंदाज. काही दिवस ठीक गेले. मग गवताची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला.

इथपर्यंत त्याची गोष्ट आणि माझी गोष्ट एकच. फरक पुढे आहे. मी पेटी पालथी घातली. वॉरिंग्टन तळ्याकाठी जाऊन पाहू लागला की, तिथे कुजलेल्या पानांचे काय होते. तिथे त्याला पाणगोगलगायी दिसल्या. त्या त्याने आणून भांड्यात सोडल्या. त्यांनी कुजके ते खाल्ले, काच साफ केली, आणि त्यांची अंडी माशांच्या उपयोगी पडली. पाणी निवळले. १८५० साली त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप गॉस याने 'अ‍ॅक्वेरियम' या नावाचे पुस्तकच लिहिले, आणि तो शब्द रूढ झाला.

इतिहासाच्या शिक्षकाला सनावळ्या शेजारी शेजारी मांडून पाहण्याची खोड असते. विलायतेतल्या दिवाणखान्यांत ही हौस भरात होती, तेव्हा वॉर्डच्या पेट्यांचा दुसरा एक उपयोग चालला होता. १८४८ नंतरच्या तीन वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून याने कंपनी सरकारसाठी चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. आणि गॉसचे पुस्तक निघून तीनेक वर्षे होतात न होतात, तोच १८५७ च्या जूनमध्ये आमच्या औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळाने बंड पुकारले. पकडलेल्या शिपायांना देहान्त शासन झाले ते काळ्या चबुतऱ्यावर. क्रांती चौकाला नाव मिळाले ते त्यामुळे. ज्या चौकात मी माशांची पिशवी उंच धरून उभा होतो, तिथल्या आणि त्या काचेतल्या इतिहासाचे दशक एकच निघावे, याचे मला नवल वाटले, आणि थोडे मन जडही झाले.

* * *

पण नातीच्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते मिळाले नव्हते. झाड आहे, गोगलगाय आहे, तरी नव्या पेटीत मासे का मरतात? हौदात का मरत नाहीत?

ते उत्तर वॉरिंग्टनच्याच घरात निघाले, मात्र एक पिढी उलटल्यावर. त्याच्या मुलाचेही नाव रॉबर्टच. तो शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि रॉथॅमस्टेडच्या प्रयोगशेतीत मातीचा अभ्यास करू लागला. खतातला अमोनिया मातीत गेल्यावर त्याचे नायट्रेट होते, आणि ते सजीवांच्या हातून होते, हे श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी १८७७ साली फ्रान्समध्ये दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे सिद्ध केले की, हे काम दोन टप्प्यांत चालते. अमोनियाचे आधी नायट्राइट होते, मग नायट्राइटचे नायट्रेट. आणि दोन टप्प्यांचे कामकरी निरनिराळे असतात. ते कामकरी जिवाणू वेगळे काढण्याचे यश १८९० साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले.

बापाच्या भांड्यातल्या वाळूत आणि चिखलात हे कामकरी होतेच. त्याला ते दिसण्याचे साधन नव्हते. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजक्या अन्नातून अमोनिया निघतो. तो माशाला विषच. नायट्राइटही विष. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि झाडांना ते खत म्हणून चालते. पाणचक्कीच्या हौदात हे जिवाणू भिंतींना, तळाला, शेवाळाला चिकटून पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. आमच्या कोऱ्या पेटीत ते जवळजवळ नव्हतेच. त्यांची वस्ती वाढायला चारसहा आठवडे लागतात. जे होते नव्हते ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मारले. आणि वर आम्ही दोघे बेसनाची शेव टाकत होतो!

मी हे नातीला समजेल अशा भाषेत सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं घर तयार नव्हतं, आणि आपण त्यांना राहायला आणलं." याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

* * *

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, त्या आठवड्यात आम्ही पेटी सुलटी केली. या खेपेला क्रम उलटा धरला : आधी माती, मग पाणी, मग झाडे, आणि मासे सर्वांत शेवटी.

नवशिक्या वाचकांसाठी कृती सांगतो. पेटी उन्हाच्या झोतात ठेवू नये; शेवाळ माजते. साडेछप्पन्न लिटर पाणी म्हणजे साडेछप्पन्न किलो वजन, वर काच आणि वाळू. तेव्हा मेज भक्कम हवे. तळाशी चाळलेली बागेची माती बोटभर घातली. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे. तिच्यावर दीडदोन बोटे धुतलेली जाड वाळू. मातीवर वाळूचे पांघरूण घालण्याची ही साधी रीत अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली पुस्तक लिहून लोकांपुढे आणली. नत्र आणि इतर अन्न मुळांना मातीतून मिळते, आणि माती कुजताना निघणारा कर्बवायू पानांना मिळतो. जपानच्या ताकाशी अमानो याने कर्बवायूच्या नळ्या आणि प्रखर दिवे लावून पाण्याखाली रानेच्या राने उभी केली. ती विद्या थोर खरी, पण पहिल्या पेटीसाठी नव्हे.

पाणी एक दिवस उघड्या बादल्यांत ठेवले, म्हणजे क्लोरिन उडून जाते. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली. नाहीतर माती उसळून सगळा राडा होतो. मग झाडे. आमच्या नायकाचा मान म्हणून वालिस्नेरिया. हे पाणगवत आपल्या देशातल्या नद्यातळ्यांतही उगवते. सोबत हायड्रिला, आणि एका दगडाला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न. दिवा रोज आठ तास. वाढणारी झाडे पहिल्या दिवसापासून भरपूर हवीत. चार काड्या लावल्या, तर शेवाळ त्यांच्या आधी जागा पटकावते.

यानंतर आम्ही रिकाम्या पाण्याकडे पाहत बसलो. दोन महिने! "मासे नसलेली माशांची पेटी" म्हणून शेजारी हसून गेले. दहाव्या दिवशी वालिस्नेरियाची जुनी पाने पिवळी पडून विरघळू लागली, पाणी गढूळले, आणि आमची सौ. म्हणाली, "झालं, यंदाही तेच." मला वॉरिंग्टन आठवला. सडकी पाने तेवढी काढली आणि थांबलो. रोपांबरोबर आलेल्या गोगलगायींची पिल्ले काचेवर दिसू लागली, सौ.ना ती फेकून द्यायची होती, पण नातीने त्यांची वकिली केली. पाण्यात अमोनिया आहे का, हे पाहण्याची थेंबांची बाटली मिळते. अमोनिया असेल तर परीक्षानळीतले पाणी हिरवे होते, नसेल तर पिवळे राहते. दर रविवारी थेंब मोजण्याचा मान नातीचा. पहिले तीन रविवार हिरवे. चौथा पोपटी. सहावा स्वच्छ पिवळा. नायट्राइटची बाटली निराळी. तिच्यातही रंग दाखवायचा थांबला, तेव्हा आमची खात्री पटली.

नारळी पौर्णिमेला आम्ही मासे आणले. सोनेरी नव्हे, सहा गप्पी, आणि सगळे नरच आणले, नाहीतर त्यांच्या लेकुरवाळेपणाला पेटी पुरत नाही. डासांच्या अळ्या खातात म्हणून साचलेल्या पाण्यात सोडतात तेच हे गप्पी. ट्रिनिडादमधल्या गप्पी नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थावरून त्यांचे नाव पडले. पिशवी अर्धा तास पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, थोडे थोडे पाणी आत घेतले, आणि मग त्यांना सोडले. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे, तेही मुरवलेल्या पाण्याने. आणि कंटाळा आला तरी पेटीतला मासा वा वनस्पती नदीत, तळ्यात टाकायची नाही. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची काय दशा केली, ते आपण पाहतोच. मी खोटे बोललो होतो ते एका अर्थी बरेच. खरोखरच हौदात सोडले असते, तर ते अधिक वाईट झाले असते.

* * *

हे लिहीत असताना दिवाळी तोंडावर आली आहे. सहाही गप्पी आहेत. वालिस्नेरियाने वाळूखालून धावती खोडे पाठवून सगळा मागचा भाग भरून टाकला आहे.

परवा नातीने मला हाक मारली. गवताच्या बुंध्यातून दोऱ्यासारखा एक बारीक देठ सरळ पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आला होता, आणि त्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे फूल होते. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी. नराची फुले तळाशी सुटून वर तरंगत येतात. भेट झाली की, मादीच्या फुलाचा देठ मळसूत्रासारखी वेटोळी घेऊन फळ पाण्याखाली ओढून नेतो. आमच्या पेटीत नरझाड नाही. मी तिला तसे सांगितले.

"मग ते कुठवर थांबेल?" तिने विचारले.

या वेळी मी काही रचून सांगितले नाही. "ठाऊक नाही," म्हणालो. "आपण पाहू."

काल तिने पारिजातकाच्या बुंध्याशी ठेवायला एक पणती बाजूला काढून ठेवली. दुसरी ती पेटीजवळ ठेवणार होती. मग तिचे तिलाच आठवले की, रात्री त्यांना अंधार लागतो. ती पणती तिने खिडकीत ठेवायचे ठरविले आहे.